ओटीत पडलेला होकार

पडदा वर जातो आणि समोर उजळतो एक नवाकोरा बंगला. हिंजवडीच्या जुन्या गावठाणात, चहूबाजूंनी काचेच्या इमारतींनी वेढलेला. दाराला झेंडूचं तोरण, अंगणात मांडव, मांडवात लाल प्लास्टिकच्या खुर्च्या. मागच्या बाजूला आचाऱ्याची कढई चढलेली आणि तळणीचा वास थेट रस्त्यापर्यंत पोचलेला. त्या रस्त्यावर कंपन्यांच्या बसगाड्या एकीला एक चिकटून उभ्या आहेत. त्यांचे भोंगे देवघरात शिरतात, आणि भटजीबुवा मंत्र मधेच तोडून भोंगा संपायची वाट बघतात. आज या घराची वास्तुशांत आहे.

या गर्दीत, डाव्या बाजूच्या फाटकातून, एक बाई आत येते. ठेंगणी, सावळी, सत्तरी ओलांडलेली. अंगावर फिकट जांभळं लुगडं, कपाळ मोकळं, काखेत कापडी पिशवी. विश्रांतवाडीहून बस बदलत आल्यामुळे पदर चुरगळलेला. नाटकात अशा पात्राच्या प्रवेशाला टाळी पडत नाही. प्रेक्षक त्या वेळी शेजाऱ्याला विचारत असतात, मघाशी तो काय म्हणाला हो? पण लक्ष असू द्या तिच्याकडे. हे नाटक तिचं आहे.

मुक्ताबाई तिचं नाव. बंगला तिच्या भाच्याचा, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलाचा, रणजितचा. हे गाव तिचं माहेर. ज्या जागी आज संगणकवाल्यांचं उपाहारगृह आहे तिथं तिनं लहानपणी ज्वारी राखली होती, आणि ज्या ओढ्यावर आता सिमेंटचा स्लॅब पडलाय तिथं पोहायला शिकली होती. हे ती कुणाला सांगत बसत नसे. विचारतंय कोण?

धाकटा भाऊ गेनबा, घरातल्यांचा आप्पा, ओट्यावर खुर्ची टाकून बसला होता. फेटा बांधलेला, हातात काठी. बहिणीला बघून त्यानं नुसतीच काठी आपटली.

"लवकर आलीस! भटजी जेवून घोरायला लागलं असतं थोड्या येळानं."

"बसला सांग ते. मी काय रणजितच्या गाडीतनं आले न्हाय."

"मग सांगायचंस की. पाठवली असती."

"सांगितल्यावर कोणबी पाठवतं, गेनू."

गेनबा हसला. त्यांचं बोलणं असंच चाले. लाडानं दोन शब्द बोलायची त्या घरात कुणालाच सवय नव्हती.

पूजा आटोपली आणि आत बायकांच्या ओट्या भरायला सुरुवात झाली. मुक्ताबाई सवयीनं स्वयंपाकघराच्या दाराआड सरकली. बापूराव गेल्यापासून, म्हणजे दहा-अकरा वर्षं, ती अशा वेळी आपणहून आड होत असे. कुणी तिला 'बाजूला हो' म्हणालं नव्हतं. कुणी 'थांब' असंही म्हणालं नव्हतं. ती तिथं उभी राहून कोथिंबीर निवडू लागली.

तेवढ्यात रणजितची बायको तनुजा आली आणि तिनं मुक्ताबाईचा हात धरला.

"आत्या, चला. पाटावर बसा."

"मला कशाला गं? मी अशी…"

"अशी म्हणजे कशी? घराची लेक आहात. माझ्या वास्तुशांतीला घरची लेक रिकाम्या ओटीनं जाणार?"

बायकांचे हात जागच्या जागी थांबले. चुलत घराण्यातल्या गोदाबाईंनी तेवढं तोंड उघडलं. "घ्या! हिंजवडीत काय काय नवं बघायचं राहिलंय कुणास ठाऊक."

तनुजानं तिकडे लक्ष दिलं नाही. तिनं मुक्ताबाईच्या कपाळाला बोट टेकवलं. मुक्ताबाईनं पदर पसरला. तांदूळ, नारळ, खण, सुपारी, आणि वर एक जांभळी रेशमी साडी. पदराला ते वजन जाणवलं आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. नारळावर पडलं ते तिनं पदरानंच पुसून टाकलं, कुणाला दिसू नये म्हणून. सगळ्यांनाच दिसलं.

पंगत बसली. रणजित स्वतः वाढायला फिरत होता. गोरा, भरल्या अंगाचा, गळ्यात सोन्याची साखळी. बांधकामाच्या धंद्यातला त्याचा भागीदार कोंडीराम पलीकडच्या पानावर होता. त्याच्यापुढे वाकून रणजित म्हणाला, "झालं शेठ, काम फायनल. आत्यानं ओटी घेतली. उद्या रजिस्ट्रेशनला सही."

कोंडीरामनं पानावरूनच हात जोडले. "आत्याबाई, मोठ्या मनाच्या आहात हां तुम्ही!"

मुक्ताबाईच्या हातातला घास हातातच राहिला.

आता ही ओटी काय होती, ते सांगायला हवं. या घराण्यात एक रीत होती. वडिलोपार्जित मिळकतीत बहिणीचाही वाटा लागतो. भावाला ती मिळकत मोकळी हवी असली की बहिणीनं हक्कसोड लिहून द्यायची, म्हणजे आपला वाटा सोडला अशी सही करायची. पण सही कचेरीत होते, होकार घरात होतो. भावजय किंवा सून बहिणीची ओटी भरते, बहीण पदर पसरते, आणि तो पदर म्हणजेच शब्द. त्यानंतर कुणी तिला 'तुझं काय मत?' असं विचारत नाही. मुक्ताबाईच्या दोन्ही आत्यांनी तसाच पदर पसरला होता. शेतं कंपन्यांच्या ताब्यात गेली तेव्हा तिनंही पसरला होता. त्या वेळी बापूराव होते, कपाळावर कुंकू होतं, आणि ओटी कशाची आहे हे तिला नीट ठाऊक होतं. साडी घेऊन ती हसत घरी गेली होती. माहेर राहिलं म्हणून.

आज मात्र तिच्या मनातच आलं नाही. विधवेची ओटी भरतात हेच जिला नवीन, तिला ती कसली ओटी हे कुठून सुचणार? ती विरघळली आणि पदर पसरून बसली.

तिनं ओट्याकडे पाहिलं. गेनबा मान खाली घालून जेवत होता. मुक्ताबाईनं ताट संपवलं. पान टाकून उठली असती तर साऱ्या मांडवानं विचारलं असतं.

मिळकत उरली होती ती एवढीच. गावठाणातली जुन्या गोठ्याची जागा. वडिलांमागं दोघा भावंडांच्या नावावर चढलेली. एके काळी तिथं शेणाचा ढीग असे. आता ती मुख्य रस्त्यावर आली होती, आणि रणजितला तिथं कंपन्यांत नोकरीला येणाऱ्या मुलामुलींसाठी भाड्याच्या खोल्यांची मोठी इमारत उठवायची होती. आत्याची सही हा एकच अडसर होता. आणि त्या सहीला अडसर होता तो असा की आत्यानं मनाशी आपला वाटा आधीच देऊन टाकला होता. मुलांच्या दवाखान्याला. आपल्यामागं.

बापूराव लष्कराच्या डेपोत शिपाई होते. लग्नानंतर विश्रांतवाडीत दोन खोल्या, मग एक मुलगा, रविराज. पाच वर्षांचा असताना त्याला ताप भरला आणि मान ताठ झाली. बापूरावांनी त्याला छातीशी धरून शहरातल्या मुलांच्या दवाखान्यात नेलं. मेंदूज्वर, डॉक्टर म्हणाले. महिनाभर मुक्ताबाई त्याच्या खाटेखाली वर्तमानपत्र अंथरून निजली. पोराला खाट होती, औषध होतं, आईला काहीच नव्हतं. अंघोळ करायची ती अंधार असताना आवारातल्या नळावर, नेसत्या लुगड्यानिशी, आणि ते लुगडं अंगावरच वाळवायचं. आडोसा म्हणून दुसऱ्या एखादीनं चादर धरायची. वॉर्डात दुर्गाबाई नावाच्या मोठ्या सिस्टर होत्या. शेवटच्या दिवशी त्यांनी खाटेचा कठडा खाली केला, पोराला उचललं आणि मुक्ताबाईच्या मांडीवर दिलं. "नियमाचं मी बघते. तू त्याला घेऊन बस," एवढंच म्हणाल्या. दवाखान्यानं रविराज वाचवला नाही. पण गेला तेव्हा तो आईच्या मांडीवर होता.

त्यानंतर तिला मूल झालं नाही. ती बालवाडीत मदतनीस झाली, दुसऱ्यांच्या पोरांची नाकं पुसत निवृत्त झाली. अलीकडे शेजारच्या कांताबाईंची नात चैताली आजारी पडली, म्हणून इतक्या वर्षांनी ती पुन्हा त्या दवाखान्यात गेली. दवाखाना ओळखू येईना. यंत्रं, काचा, लिफ्ट, गोड बोलणारी माणसं. चैताली बरी होऊन घरी आली. पण जिन्याखाली एक बाई दोन्ही हातांनी ओलं लुगडं पंख्यासमोर धरून उभी होती. सोलापूरकडची असावी. मुक्ताबाई तिच्याजवळ गेली, काही न बोलता लुगड्याचं दुसरं टोक धरून उभी राहिली, आणि घरी येताना बसमध्ये तिचं ठरलं. आपला वाटा द्यायचा. त्यातून पोरांच्या आयांसाठी दोन खोल्या व्हाव्यात आणि आतून कडी लागणारं न्हाणीघर.

बुधवार पेठेत, विजेच्या सामानाच्या दुकानावर, साईनाथ वकिलांची खोली होती. त्यांनी मृत्युपत्राचा मसुदा करून ठेवला होता. सही राहिली होती. मुक्ताबाई दर वेळी म्हणे, "पुढच्या महिन्यात येते. आधी भावाला सांगते." वकील म्हणत, "सांगा, सांगा. मृत्यू थांबतो, आपण सांगेपर्यंत." आणि ती भावाला सांगत नसे. त्याच्यासमोर गेलं की बसवरून बोलणं होई, गुडघ्यांवरून होई, डाळीच्या भावावरून होई. शब्द तेवढा पुढे सरकत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी रणजितची गाडी विश्रांतवाडीत दाराशी उभी राहिली.

"आत्या, आवरलंस? आधार कार्ड घे. फोटो काढतील, अंगठा घेतील, दहा मिनिटांत मोकळी. मग तुला मस्त नाष्टा."

ती गाडीत बसली. ओटीचं सामान कालच्याच पिशवीत, मांडीवर. आळंदी रस्त्याच्या गर्दीत गाडी रखडली तेव्हा तिनं समोरच्या काचेकडे बघत सांगून टाकलं.

"मला सही करायची न्हाय, रणजित."

त्यानं गाडी कडेला घेतली. मागचा रिक्षावाला शिवी देऊन गेला.

"काय म्हणालीस?"

तिनं सगळं सांगितलं. रविराज, खाट, नळ, न्हाणीघर. रणजितनं ऐकून घेतलं, हे त्याच्या बाजूनं म्हणायला हवं. मग तो हसला.

"एवढंच ना? अगं मग आधी बोलायचंस. दवाखान्याला मी चेक देतो. रविराजदादाच्या नावाची पाटी लावू, संगमरवरी. फोटो बिटो, पेपरला बातमी. तू फक्त सही दे."

"पाटी नको रे मला."

"मग काय पाहिजे?"

"माझं हाय ते माझ्या हातानं द्यायचंय."

रणजितचा चेहरा बदलला. "माझं? आत्या, तुझं काय होतं तिथं? शेण काढलं असशील लहानपणी. पट्टी कोण भरतंय? अतिक्रमणवाल्यांशी भांडलं कोण? आणि काल ओटी घेतलीस की नाही? साऱ्या गावादेखत? मी कोंडीरामशेठला शब्द दिलाय."

"ती ओटी कसली ते मला ठावं नव्हतं."

"या घरात जन्मलीस आणि ठाऊक नव्हतं?" तो थांबला, आणि मग आवाज खाली आणून बोलला. "खरं सांगू का? दवाखाना बिवाखाना नाही. तुझ्या पोटात राग आहे. मामा आजारी होते तेव्हा मी आलो नाही, तो राग. त्याचा सूड काढतेयस, आणि वर पुण्य पण पाहिजे."

हे बोलणं वर्मी लागलं. बापूरावांच्या शेवटच्या दुखण्यात तिनं रणजितला फोन केला होता. 'बघतो' म्हणाला होता, आणि बघायला आला तो थेट दहाव्याला. ती ते कधी बोलली नव्हती. पण विसरलीही नव्हती. आता त्यानंच ते असं उघड्या रस्त्यावर काढून ठेवल्यावर तिला पहिल्यांदा भीती वाटली. हा म्हणतो तसं असेल का? आपण दवाखान्याच्या आडून भाच्याला मारतोय का?

"मला तुझ्या बापाकडं ने," ती म्हणाली.

मांडव सोडायला माणसं आली होती. बांबू खाली पडत होते. गेनबा ओट्यावरच होता, आज फेट्याशिवाय, म्हणून लहान दिसत होता. रणजितनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं आणि आत निघून गेला. गेनबा पडलेल्या बांबूंकडे मोजल्यासारखा बघत राहिला.

"मला का न्हाय सांगितलंस, आक्का?"

"धीर झाला न्हाय."

"माझ्यापुढं? धीर?"

ती काखेतली पिशवी चाचपत राहिली.

"दवाखान्यानं केलं म्हणतीस. केलं. न्हाय म्हणत न्हाय मी. पण तो महिनाभर तुला भाकरी कोण आणत होतं? हितनं सायकल हाणत कोण यायचं? चढावर उतरून ढकलायला लागायची. शाळा बुडाली माझी त्या साली, पुन्हा न्हाय गेलो. आईनं फडक्यात बांधून दिलेलं तुझ्या हातात देताना एकदा तरी ते गार झालं होतं का? शर्टाच्या आत धरून आणायचो."

"ठावं हाय मला, गेनू."

"मग त्या न्हाणीघरात माझं काय हाय?"

प्रसंग रंगमंचावर असता तर इथं तिला एक लांब भाषण मिळालं असतं, आणि शेवटच्या रांगेतल्या बायकांनी डोळे पुसले असते. मुक्ताबाईला एकही वाक्य सुचलं नाही. कारण तो खोटं बोलत नव्हता. त्याच महिन्यात तिच्यावर दोघांचे उपकार झाले होते, आणि एकाचे फेडायला जावं तर दुसऱ्याचे बुडत होते.

"वकील म्हणतात," ती अडखळत बोलली, "दवाखान्याला जागा नको असते. तसं लिहिता येतं. माझ्यामागं त्यांनी माझा वाटा आधी तुम्हालाच विचारायचा. तुम्ही घ्या, पैसं त्यांना जाऊ देत."

आतून रणजितचा आवाज आला. "म्हणजे आमचीच जागा आम्ही विकत घ्यायची! वा!"

गेनबानं काठी उचलली, पण आपटली नाही. "ओटी घेतलीस ना?"

"घेतली."

"मग?"

मुक्ताबाईनं पिशवी पुढं केली. जांभळी साडी, खण, नारळ, तांदळाची पुरचुंडी, सगळं जसंच्या तसं. मांडवाची माणसं बांबू हातात धरून थांबली. ओटी परत करणं या गावात कुणी पाहिलं नव्हतं.

तनुजा दारात आली. तिनं पिशवी बघितली आणि तिचा चेहरा उतरला. "आत्या, ओटी परत घेत नाहीत हो. आणि मी ती… यांनी मला सहीचं काही सांगितलं नव्हतं. मला फक्त तुम्ही त्या कोथिंबिरीपाशी उभ्या राहिलेल्या दर वेळी दिसायच्या."

खरं की खोटं, मुक्ताबाईला कळेना. नवऱ्यानं सांगितलं नसेलही. पण कालचा तो स्पर्श तिला खरा वाटला होता, आणि तो खोटा निघावा असं तिला मुळीच वाटत नव्हतं. तिनं पिशवी पुन्हा काखेत घेतली.

"मी जाते, गेनू."

गेनबानं मान दुसरीकडे फिरवली. गाडीचं कुणी विचारलं नाही. ती बसच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली.

पुढचे दिवस तिनं कसे काढले ते कांताबाईंना ठाऊक. त्या भिंतीपलीकडे राहत. मुक्ताबाई भाजी चिरायला घ्यायची आणि विळीवर बसून राहायची. एकदा तिनं विचारलं, "कांताबाई, तुमच्याकडं बहिणीचं माहेर सुटलं तर काय करतात?"

"आमच्याकडं? सुटलं तर सुटलं. बाबासाहेबांनी हक्क दिला, तो घ्यायला शिका म्हणतात." मग कांताबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि आवाज मऊ केला. "पण रडू येतंच हो. ते काय कायद्यानं थांबतंय?"

शेवटी एका सकाळी ती कांताबाईंना साक्षीदार म्हणून बरोबर घेऊन बुधवार पेठेत गेली. साईनाथ वकील चष्मा कपाळावर चढवून बसले होते.

"या. अजून जिवंत आहात, म्हणजे आपण अजून वेळेत आहोत."

"वकीलसाहेब, एक विचारू का?"

"विचारायची फी वेगळी नाही."

"राग धरून केलेलं दान चालतं का?"

वकिलांनी चष्मा डोळ्यांवर आणला. "कायद्यात मनातल्या रागासाठी रकाना नाही, बाई. आपण शुद्धीवर आहात की नाही, एवढंच विचारतात."

"कायद्याचं न्हाय विचारत मी."

वकिलांनी मसुदा बाजूला सारला. खालच्या दुकानात कुणीतरी ध्वनिक्षेपक तपासून बघत होतं. हॅलो, हॅलो, हॅलो.

"ज्या बाईला तिथं अंघोळीला आडोसा मिळेल," ते म्हणाले, "ती आपल्याला रागाचं काही विचारायला येणार नाही. मला तेवढंच कळतं. बाकीचं तुम्ही आणि तुमचे बंधू."

"भावाला आधी विचारायचं, ते लिहिलंय ना?"

"लिहिलंय. आपण तीनदा सांगितलंत. दवाखान्यानं आपला वाटा प्रथम बंधूंना वा त्यांच्या वारसांना देऊ करावा. आणखी काही?"

"त्याच्यावर माझा राग न्हाय, हे लिहिता येतं का?"

वकिलांनी तिच्याकडे पाहिलं. नेहमीचं तिखट उत्तर त्यांच्या जिभेवर आलेलं दिसलं, पण ते त्यांनी गिळलं आणि हातानंच एक ओळ वाढवली. नंतर सगळे मिळून कचेरीत गेले. डॉक्टरांचा दाखला, फोटो, अंगठा. दुसरा साक्षीदार म्हणून वकिलांचा कारकून. संपलं. मुक्ताबाईला वाटलं होतं, सही झाल्यावर छातीवरचा धोंडा उतरेल. उतरला नाही. जिन्यावरून खाली येताना ती कांताबाईंना म्हणाली, "भूक लागली हो." आणि मग समोर आलेली इडली तिनं निम्मी ताटलीतच टाकली.

ही गोष्ट हिंजवडीला कळायला वेळ लागला नाही. रणजितनं फोन केला आणि जे बोलायचं ते बोलून घेतलं. "आता हे घर तुला बंद," असं शेवटी म्हणाला. मुक्ताबाईनं "बरं" म्हणून फोन ठेवला. दवाखान्यातून एक तरुण बाई येऊन भेटून गेल्या, खूप छान बोलल्या, रविराजचं नाव विचारून लिहून घेतलं. त्या गेल्यावर मुक्ताबाई बराच वेळ त्यांनी प्यायलेल्या चहाची कपबशी धुवत राहिली.

दिवाळी आली. भाऊबीज आली. दर वर्षी या दिवशी रणजितची गाडी येई, नाहीतर गेनबाचा फोन. यंदा फोन वाजला तो विमा विकणाऱ्याचा. कांताबाई म्हणाल्या, "नका जाऊ. कशाला अपमान करून घ्यायचा?" मुक्ताबाईनं तबक पुसलं. निरांजन, सुपारी, अक्षता, आणि स्टीलच्या डब्यात गेनबाला आवडणाऱ्या गुळाच्या करंज्या. सुट्टीचा दिवस, कंपन्या बंद, रस्ते मोकळे. बस एवढ्या लवकर पोचली की जरा उशीर झाला असता तर बरं, असं तिला वाटलं.

बंगल्याचं फाटक उघडं होतं. तिनं बेल दाबली. बेल वाजली तशी आतला टीव्ही बंद झाला.

तनुजानं दार अर्धं उघडलं. अंगावर ठेवणीतली साडी, हाताला फराळाचं पीठ लागलेलं. तिनं मागं वळून पाहिलं, मग मुक्ताबाईकडे, मग तबकाकडे.

"आत्या… आप्पा झोपलेत."

आत सोफ्याच्या कडेला टेकवलेली काठी घसरून फरशीवर पडली. कुणीतरी ती पटकन उचलली. तनुजाची मान खाली गेली. तिनं दार ना उघडलं, ना लावलं.

मुक्ताबाईनं चपला काढल्या. तबक ओट्यावर ठेवलं, पदरानं एक पायरी झटकली आणि गुडघ्यावर हात टेकत खाली बसली. मग आतल्या माणसाला ऐकू जाईल इतक्याच आवाजात म्हणाली,

"झोपू दे त्याला. उठंल तवा उठंल. मी बसते हितं."